आठशे रुपयांत धार टिकवणारी सुरी कशी निवडावी?

प्रश्न : राजारामपुरीत माझी छोटी खानावळ आहे. रोज पाच-सहा किलो कांदा, तेवढीच भाजी आणि आठवड्यातून तीन दिवस मटण असतं. दोन वर्षांत तीन सुऱ्या झाल्या. पहिली लक्ष्मीपुरीतून घेतली, चांगली जाड आणि वजनदार. दुसरी ऑनलाइन मागवली, पात्यावर ‘जर्मन स्टील’ छापलेलं. तिसरीच्या पात्यावर लाटालाटांची नक्षी आहे. तिन्हींची धार टिकत नाही. दारावरच्या धारवाल्याकडून लावून घेतली की दोन दिवस झकास चालते, मग टोमॅटोच्या सालीवरून घसरायला लागते. माझे दीर शिरोलीला फौंड्रीत आहेत, ते म्हणतात लोहचुंबक लावून बघा आणि घ्या. सासूबाई म्हणतात लोहाराकडून कमानपाट्याची करून घे. दुकानात उभं राहून पोलाद कसं आहे ते कळतं का? आठशेच्या वर जायचं नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट ‘जर्मन स्टील’ नाही, ती ‘दोन दिवस’ ही आहे. कांदा-टोमॅटो कापून दोन दिवसांत झिजावं इतकं हलकं पोलाद बाजारातल्या स्वस्तातल्या स्वस्त सुरीलाही नसतं. इतक्या लवकर जाते ती धार एक तर वळलेली असते, नाही तर ती धार नव्हतीच. धारवाल्याच्या चाकावर पात्याच्या कडेला धातूची एक पातळ, लोंबती पट्टी तयार होते. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. ती बर काढून टाकली नाही तर सुरी पहिल्या दिवशी कागदसुद्धा सरसर कापते आणि दोन दिवसांत ती पट्टी दुमडून धारेवर आडवी पडते. म्हणून चौथी सुरी घ्यायच्या आधी घरातल्या तिघींना एकदा नीट बघून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

रात्री एका बल्बखाली उभ्या राहा आणि सुरीची धार वर, डोळ्यासमोर धरून पातं हळूहळू पुढेमागे तिरकं करा. खरी धार उजेड परत फेकत नाही, ती दिसतच नाही. जिथे पांढरी बारीक रेघ किंवा ठिपका चमकतो तिथे धार बसलेली, म्हणजे बोथट झालेली आहे. आता कापसाचा छोटा बोळा घ्या. पात्याच्या पाठीकडून धारेकडे, एका बाजूने, अगदी हलका ओढा. मग दुसऱ्या बाजूने. कापसाचे तंतू फक्त एकाच बाजूला, पण लांबवर अडकत असतील तर धार त्या बाजूला वळलेली आहे किंवा तिथे बर आहे. ठरावीक जागीच, दोन्ही बाजूंना अडकत असतील तर खांडे पडले आहेत, म्हणजे धारेचे बारीक तुकडे उडाले आहेत. कुठेच अडकत नाही आणि बल्बखाली सलग, सारखी चमकती रेघ दिसते, तर ती खरी झीज.

या तीन गोष्टींचा अर्थ वेगवेगळा. धार वळत असेल तर पोलाद मऊ आहे किंवा धारेचा कोन त्या पोलादाला पेलणार नाही इतका पातळ आहे. खांडे पडत असतील तर पोलाद गरजेपेक्षा कडक, नाही तर सुरी हाडावर किंवा गुळाच्या ढेपेवर चाललेली आहे. झीज असेल तर तक्रारीला जागा नाही, सुरी वापरली की झिजणारच. चौथा प्रकार आपल्याकडे जून ते सप्टेंबर हमखास दिसतो. लिंबू-चिंचेचा हात लागलेली सुरी रात्रभर ओली पडली की धारेची बारीक कड गंजाने खाल्ली जाते. पातं वरून लखलखीत दिसतं, धार मात्र सकाळी गेलेली असते. स्टेनलेस म्हणजे कमी गंजणारं, एवढंच.

तुमच्या बाबतीत आमचा अंदाज दोन गोष्टींवर आहे, बर आणि जळलेली धार. दुसरी जास्त वाईट. सुरीच्या पोलादाला कडक केल्यावर साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसला परत तापवून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो. कोरड्या एमरी चाकावर पातं दाबून धरलं की मधला भाग हाताला कोमट लागतो, पण कडेचा केसाएवढा भाग क्षणात त्या तापमानाच्या कितीतरी वर जातो आणि मऊ पडतो. साध्या कार्बन पोलादावर हे रंगावरून कळतं. सुमारे २२० अंशांला गवती पिवळा रंग येतो, ३०० च्या आसपास निळा. स्टेनलेसवर तेच रंग आणखी जास्त तापमानाला उमटतात, त्यामुळे पात्यावर निळं दिसलं नाही म्हणजे धार जळली नाही असं समजू नका. एकदा मऊ पडलेली कड पुन्हा कडक होत नाही. दगडावर पाणी घालून अर्धा ते एक मिलिमीटर घासून काढली की खाली चांगलं पोलाद लागतं. पुष्कळशा ‘खराब’ सुऱ्या एवढ्यावर सुधारतात.

धारवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. एका सुरीमागे मिळणाऱ्या पैशांत तो अर्धा तास दगडावर बसणार नाही. त्याच्याकडून लावून घ्यायचीच असेल तर एवढंच सांगा की चाकावर एका वेळी एकदाच फिरवा, प्रत्येक वेळी पातं पाण्यात बुडवा आणि बारीक दगडावर दोन्ही बाजूंनी बर काढून द्या. शेवटचं घरी करायचं ठरवलंत तर बाकीचं त्याच्यावर सोडलंत तरी चालेल.

आता पोलाद. सुरीच्या बाबतीत दोन आकडे बघायचे, कार्बन किती आणि कडकपणा किती. कार्बनमुळे पोलाद कडक होऊ शकतं. ते खरोखर झालं का, हे कारखान्यातल्या भट्टीवर आणि पाणी देण्यावर, म्हणजे तापलेलं पोलाद एकदम थंड करून कडक करण्यावर ठरतं. चांगल्या पोलादाला भट्टीतून घाईघाईने काढलं तर ते हलक्या पोलादापेक्षा वाईट चालतं. कडकपणा रॉकवेल सी मापात सांगतात, हिऱ्याचं शंकूसारखं टोक १५० किलोच्या भाराने दाबून किती आत जातं त्यावरून. सुरीच्या खोक्यावर ‘५६ एचआरसी’ असं लिहिलेलं असतं ते हेच.

बाजारातल्या स्वस्त सुऱ्यांत सर्वात जास्त आढळतं ते ४२० जे २ या ग्रेडचं पोलाद किंवा त्याचा चिनी भाऊ ३ सीआर १३. कार्बन साधारण ०.३ टक्के, गंज रोखणारं क्रोमियम १२ ते १४ टक्के. नीट पाणी दिलं तर ५० ते ५३ पर्यंत जातं. सहसा गंजत नाही, धार पटकन लागते आणि पटकन वळते. घरात दोन माणसांची भाजी चिरायला ठीक, खानावळीला नाही. त्याच्या वरची पायरी म्हणजे १.४११६, याचंच लांब नाव एक्स ५० सीआर एमओ व्ही १५, आणि त्याच्या जवळचं ५ सीआर १५ एमओ व्ही. कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास, क्रोमियम १४-१५, कडकपणा ५५ ते ५७. तुमचं उत्तर इथे आहे. जगभरच्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं ते याच कुळातलं पोलाद, कारण ते खांडे पडू देत नाही, ओलं राहिलं तरी सहसा गंजत नाही आणि साध्या दगडावर दहा मिनिटांत धारेला येतं. ‘जर्मन स्टील’ या शब्दांचा खरा अर्थ बहुधा हे पोलाद असायला हवा. पण ते शब्द छापायला काही परवाना लागत नाही, म्हणून शेजारी ग्रेड आणि एचआरसी लिहिलेलं नसेल तर त्यांना किंमत देऊ नका.

त्याच्या वर ८ सीआर १३ एमओ व्ही येतं, ०.८ टक्के कार्बन, ५७ ते ५९. भाव परवडला तर चांगलं, फक्त पातळ धारेने हाडाला लागलं की टिचतं. स्वीडनचं १४ सी २८ एन याहून सरस, पण आठशेत क्वचितच. ‘४४०’ एवढंच लिहिलेलं असेल तर विचारा कोणतं, कारण ४४० ए मध्ये कार्बन ०.६ ते ०.७५ टक्के आणि ४४० सी मध्ये एक टक्क्याच्या आसपास असतो. नुसता आकडा छापणारा सहसा स्वस्तातलंच वापरतो. आणि कुणी डी २ ची सुरी दाखवली तर तुमच्या दिरांना ते लगेच कळेल. उद्यमनगरच्या कारखान्यांत एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमियम) म्हणून ज्याच्या प्रेसच्या डाय, म्हणजे साचे करतात, त्यातलं ते पोलाद. दीड टक्का कार्बन, १२ टक्के क्रोमियम. धार महिनोन्‌महिने धरतं, पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं गेल्यामुळे ते पुरतं स्टेनलेस राहत नाही, आणि बोथट झालं की साध्या दगडाला दाद देत नाही. खानावळीच्या ओल्या कामाला ते नको.

दिरांच्या लोहचुंबकाबद्दल. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. चमचे, पातेली ज्याची होतात ते ३०४ स्टेनलेस लोहचुंबकाला सहसा चिकटत नाही. त्यात कार्बन ०.०८ टक्क्यापेक्षा जास्त नसतो आणि ते कितीही तापवून विझवलं तरी कडक होत नाही. तेव्हा ज्या सुरीला लोहचुंबक धरतच नाही ती सरळ खाली ठेवा. पण धरलं म्हणजे चांगली, असं नाही. ४३० नावाचं स्टेनलेस लोहचुंबकाला घट्ट चिकटतं आणि तेही सुरीच्या कामाचं कडक होत नाही. लोहचुंबक नापास करू शकतो, पास नाही.

तशाच आणखी काही परीक्षा दुकानात चालतात, त्यांतल्या पुष्कळशा निरुपयोगी. पातं वाजवून बघणं, त्यातून काही कळत नाही. वजनावरून तर अजिबात नाही, तुमच्या पहिल्या सुरीने ते दाखवून दिलंच आहे. पातं वाकवून ‘लवचीक आहे बघा’ म्हणतात, पण पोलाद मऊ असो वा कडक, सारख्या जाडीच्या पात्याला वाकायला ताकद सारखीच लागते. बघायचं ते सोडल्यावर काय होतं. टोक लाकडी फळीवर टेकवून पातं थोडंसं, बोटभर वाकवा आणि सोडा. सरळ झालं तर ठीक. किंचित जरी वाकडं राहिलं तर ते पोलाद धार काय धरणार?

लाटांची नक्षी तर बहुतेक वेळा लेझरने किंवा आम्लाने वरवर काढलेली असते. खऱ्या थर दिलेल्या पोलादात ते थर धारेच्या जवळपर्यंत उतरलेले दिसतात आणि पाठीच्या कडेवरही त्यांच्या रेषा असतात. तुमच्या सुरीच्या पाठीवर बघा. सपाट बाजूला लाटा आणि पाठ कोरी, तर ती नक्षी फक्त नक्षी आहे. शिवाय खऱ्या सुरीतही ते थर शोभेचे, धार धरतं ते मधलं पोलाद.

दुकानात डोळे लावून बघण्यासारखं एकच आहे आणि ते कुणी बघत नाही, धारेच्या मागची जाडी. कांद्यात सुरी अडकते, गाजर कापताना ते चिरण्याऐवजी फाटतं, तेव्हा पुष्कळदा धार चांगली असते आणि पातं मागे जाड असतं. असं पातं धार थोडी बसली की लगेच बोथट वाटू लागतं. पातळ पातं धार अर्धी गेली तरी कापत राहतं. धारेचा उतार जिथे सुरू होतो तिथे जाडी ०.३ ते ०.४ मिलिमीटर असावी, ०.६ च्या वर गेली की सुरी पाचरीसारखी चालते. दिरांकडे व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) असेलच. नसला तरी दुकानात असं बघा की पात्याच्या प्रत्येक बाजूला धारेचा जो वेगळा चमकता पट्टा असतो, तो किती रुंद आहे. अर्धा मिलिमीटर किंवा थोडा जास्त, तर पातं पातळ. एक मिलिमीटरच्या वर, तर मागे जाड आहे असं धरून चाला. पट्टा मुठीपासून टोकापर्यंत आणि दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीचा हवा. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला नुसती रेघ, किंवा टोकाकडे पट्टा एकदम फाकलेला, तर घासणाऱ्याने घाई केली आहे आणि ज्याने इथे घाई केली त्याने भट्टीतही केली असण्याची शक्यता मोठी. धार वर करून मुठीकडून टोकाकडे एका डोळ्याने बघा, पातं सरळ आहे ना तेही कळेल.

खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि माल बाहेरून आणलेला असेल तर देशाचं नाव असायला हवं. ग्रेड छापलेलाच असेल असं नाही, म्हणून तो विचारायचा. ग्रेड आणि एचआरसी दोन्ही सांगणारा बनवणारा, न सांगणाऱ्यापेक्षा बरा, एवढा नियम पुरे.

घरी आणल्यावर कानशीची परीक्षा करता येते. नवी, बारीक दातांची छोटी कानस घ्या. धारेला कधीही लावायची नाही, मुठीजवळ पाठीच्या कडेवर हलका एक घास द्यायचा. आधी एका स्टीलच्या चमच्याच्या दांड्यावर घासून बघा, ते मऊ कसं लागतं ते हाताला कळू दे. मग कागद कापायच्या कटरच्या ब्लेडवर, तिथे कानस सरकत जाईल, चावणार नाही. तुमची सुरी या दोघांच्या मध्ये कुठेतरी असेल. चमच्यासारखा भुसा पडत असेल तर ती ५० च्या खाली आहे. कानस नाखुशीने चावत असेल, घसरल्यासारखी वाटत असेल, तर ५६ च्या आसपास. पातं एकाच पत्र्यातून कापून पूर्ण कडक केलेलं असतं तेव्हाच हे लागू पडतं. लोहाराच्या सुरीला फक्त धारेकडे पाणी दिलेलं असतं, तिची पाठ मऊच असते आणि असायलाच हवी.

आकडाच हवा असेल तर त्यासाठी कोल्हापूरसारखं गाव नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, जिथे हीट ट्रीटमेंटचं काम चालतं तिथे रॉकवेल मशिन असतं आणि ओळखीने दोन मिनिटांत मोजून मिळतं. दिरांना एक सांगून ठेवा. फौंड्रीत ओतकामाला वापरतात ते ब्रिनेल मशिन नको, त्याची मोठी गोळी पात्याला कामातून घालवेल. रॉकवेल सी स्केल हवं, मुठीजवळ पाठीच्या बाजूला, जिथे पातं कमीत कमी दीड-दोन मिलिमीटर जाड आणि दोन्ही अंगांनी जवळजवळ समांतर आहे. तीन ठिकाणी मोजायचं. पातं उतरतं असल्यामुळे आकडा खरा असेल त्यापेक्षा थोडा कमीच येतो. ५३ आला तर ती सुरी ५४-५५ ची असू शकते, ४८ आला तर कारण सांगत बसू नका.

धार किती टिकते हे मोजायला मात्र मशिन लागत नाही. स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल काटा, त्यावर लाकडाची फळी, काटा शून्यावर आणा. फळीवर सुतळी आडवी ठेवा, दोन टोकं चिकटपट्टीने बसवा. सुरीच्या मधल्या भागाने, पुढेमागे न ओढता, सरळ खाली दाबा आणि सुतळी तुटली तेव्हाचा आकडा लिहा. पाच वेळा करा, मधला आकडा धरा. मग त्या सुरीने रोजचं काम करा आणि दर दोन किलो कांद्यानंतर पुन्हा मोजा. आकड्याला स्वतःचा अर्थ नाही, तुमच्या सुतळीवर दीड किलो लागला तर दुसऱ्याच्या सुतळीवर दोन लागेल. तो किती वेगाने वाढतो ते बघायचं, आणि दोन सुऱ्या एकाच कोनात, एकाच दगडावर धार लावून शेजारी शेजारी ठेवायच्या. काही जण पुठ्ठा कापून धार मोजतात. त्यातून झीज कळते, पण तुमच्या सुऱ्या फळीवर आपटून वळतात, त्याचा पत्ता पुठ्ठ्यातून लागत नाही. म्हणून कांदाच बरा.

सासूबाईंचं म्हणणं पोलादापुरतं बरोबर आहे. ट्रकच्या कमानपाट्यात कार्बन अर्धा ते ०.६ टक्के असतो, शिवाय सिलिकॉन किंवा क्रोमियम. कोयते त्याचेच होतात आणि उसाच्या फडात टिकतात. पण जुन्या पाट्याला थकव्याच्या बारीक भेगा असू शकतात, त्या तापवल्यावर उघड्या पडतात. लोहाराला दोन गोष्टी विचारा : पाणी कशात देणार आणि पाणी दिल्यावर पातं परत मंद तापवणार का. या पोलादाला तेलात विझवणं सुरक्षित, साध्या पाण्यात ते तडकू शकतं. परत तापवलं नाही तर धार काचेसारखी टिचेल. त्याच्याकडे सोय नसेल तर घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर एक तास, थंड करून पुन्हा एक तास. तिसरी अट जाडीची. सवयीने ते पातं तीन-चार मिलिमीटर ठेवतात, कोयत्याला ते हवंच. तुम्ही पाठीला दोन मिलिमीटर आणि धार लावायच्या आधी कडेला अर्धा मिलिमीटर असं सांगून करून घ्या. हे सगळं जमलं तर ती सुरी आठशेच्या कुठल्याही स्टेनलेसला मागे टाकेल. फक्त ती गंजते, चिंच-कोकमाने काळी पडते, वापरल्या-वापरल्या पुसून तेलाचा हात द्यावा लागतो. खानावळीच्या गडबडीत चार हातांत फिरणाऱ्या सुरीचं हे कोण करणार, याचा विचार आधी करा. विळीचं जमतं कारण ती एकाच्याच हातात असते, आणि तिच्यावर भाजी सरकते, ती फळीवर आपटत नाही.

मटणासाठी वेगळं हत्यार ठेवा. हाड तोडायला सत्तूर, मऊ आणि जाड धारेचा, प्रत्येक बाजूला २५ अंशांच्या आसपास. तिथे ५२ एचआरसी हा दोष नाही, गुण आहे. तुमची ती पहिली जाड, वजनदार सुरी रुंद पात्याची असेल तर या कामाला लावून टाका. गुळाची ढेप फोडायला तर भाजीची सुरी कधीच नको. ढेपेत टोक घालून पिळलं की धारेचा चंद्रकोरीसारखा तुकडाच निघून येतो, आणि त्या खांड्यासाठी अख्खं पातं दोन मिलिमीटर घासावं लागतं.

आठशे रुपयांची वाटणी अशी करा. पाचशेपर्यंत सुरी, सहा ते आठ इंचांचं पातं, साधी प्लास्टिकची मूठ, पाठीला दीड ते दोन मिलिमीटर. लाकडी, पितळी खिळ्यांच्या मुठीला दिलेले पैसे पोलादातून कापलेले असतात. उरलेल्या तीनशेत हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा धारेचा दगड आणि एक हजार नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून वापरायचा पॉलिश पेपर). नवीन सुरीलाही पहिल्याच आठवड्यात एकदा दगडावर घ्या. कारखान्यातली धार पुष्कळदा मशिनच्या फिरत्या घासपट्ट्यावर कोरडी लावलेली असते, तिची वरची कड जळकी असते, खालची चांगली. पहिल्या धारेवरून सुरीला नावं ठेवू नका.

दगडावर कोन कसा धरायचा, तर धारेपासून पाठीपर्यंत पातं ४० मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून १२ मिलिमीटर उचललेली, म्हणजे साधारण १७ अंश. मऊ पोलादाच्या सुरीला १४ मिलिमीटर, २० अंश. धारेच्या पट्ट्यावर मार्करने रेघ ओढा, दोन घास मारा आणि बघा. शाई धारेच्या टोकापर्यंत पुसली गेली तर कोन बरोबर, वरच राहिली आणि टोकाची गेली तर पाठ जास्त उचलली आहे. पाणी घालून खरखरीत बाजूवर एकाच अंगाने घासत राहा, जोवर दुसऱ्या अंगाला मुठीपासून टोकापर्यंत सलग बर बोटाला लागत नाही. बोट पाठीकडून धारेकडे बाहेर ओढायचं, धारेवरून लांबीत कधी नाही. मग दुसरं अंग. मग बारीक बाजू, दर वेळी दाब कमी. शेवटी काचेच्या तुकड्यावर ओला वॉटर पेपर अंथरून फक्त मागे ओढत, एकदा हे अंग, एकदा ते. पुढे ढकललंत तर कागद फाटेल.

शेवटची बर काढायला चामडं लागतं, आणि ते कोल्हापुरात विकत घेण्याची गरजच नाही. चप्पल लाईनला तळाच्या चामड्याचा हातभर तुकडा मागा. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं ते चामडं घट्ट आणि सपाट असतं, फळीवर चिकटवलं की झालं. बफिंगचा, म्हणजे धातूला चकाकी आणायचा हिरवा साबण त्यावर घासा आणि पातं पाठीकडच्या दिशेने, वजन न देता, प्रत्येक अंगाने दहा-पंधरा वेळा ओढा. मग पुन्हा कापूस फिरवा. कुठेही तंतू अडकला तर बर अजून आहे, परत बारीक दगडावर. खानावळीच्या कामाला ५६ ची सुरी रोज सकाळी चामड्यावर आणि साधारण तीन आठवड्यांनी बारीक दगडावर, एवढ्यात चालायला हवी. त्याहून लवकर गेली तर दगडाआधी फळी बघा. कडप्प्यावर, स्टीलच्या ताटात किंवा काचेवर कापत असाल तर कुठलंही पोलाद पुरणार नाही. लाकूड किंवा जाड पांढरं प्लास्टिक हवं. आणि चिरलेला कांदा फळीवरून पातेल्यात लोटताना सुरी उलटी करून पाठीने लोटायला मदतनीस बायकांना सांगा. धारेने लोटलं की ती आडवी खरवडली जाते, दिवसातून पन्नास वेळा.